विहिरीचा न उतरलेला रंग

पाणी कमिटीच्या चेअरमननं तुला फसवलं, केसर. चौकातल्या विहिरीत औषध टाकलं अशी दवंडी पिटवली आणि टाकला कापड रंगवायचा रंग. तू तो औषध समजून प्यालास. सगळं गावच प्यालं, आणि पटकीनं गेलेला तू एकटा नाहीस. बाकीच्यांची माणसं त्यांच्यासाठी बोलतील. मी तुझ्यापुरतं बोलतो.

तुझ्या उठावण्याला, घरच्या शोकाच्या बैठकीला, तो आला होता. धुवट कोट, हातात काठी. तुझ्या ओसरीवर हात जोडून म्हणाला, "फार सरळ माणूस होता." मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. तुला खरं वाटणार नाही, पण ज्या धनाचा आवाज मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तो धना गप्प बसला. रागामुळं नाही. राग असता तर मी बोललोच असतो, तुला माहीत आहे. मी भ्यालो होतो. अजूनही भ्यालेलाच आहे.

साप्ताहिकाच्या संपादकांनी माझ्याकडे तुझ्यावर चार शब्द मागितले. घराणं कोणतं, मारवाडातून इकडे कधी आलात, दानधर्म कोणकोणता केला. ते लिहिणारे पुष्कळ मिळतील. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐकावं.

मी पोती वाहणारा हमाल होतो तेव्हापासून तू मला ओळखतोस. बाप अक्कलकुव्याच्या वाटेवर भाड्याची गाडी हाकायचा, मला त्यानं दोन गोष्टी दिल्या, खांदा आणि तोंड. खांद्यावर पोती वाहिली, तोंडावर दलाल झालो. बाजारात सगळे मला हमालाचा दलाल म्हणायचे. तू एकटा पहिल्याच दिवशी उपरणं पुढे करून म्हणालास, "बठ धना, भाव बोल." आपल्या बाजाराची रीतच ती. दोघांनी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरायची आणि शेजाऱ्याला कळू न देता भाव ठरवायचा. बोटांनी मी तुझ्याशी जेवढं भांडलो तेवढं बायकोशी तोंडानं भांडलो नाही.

पण एक खूण बाजाराची नव्हती, ती आपली होती. जुन्या विटक्या मिरचीला तेल आणि रंग चोळून ती ताजी म्हणून खपवणारे तेव्हाही होते. तसला माल पकडायची माझी रीत साधी. अंगठा ओला करायचा, मिरचीवर घासायचा आणि धोतराच्या सोग्याला पुसायचा. अस्सल मिरची पाण्याला रंग देत नाही. सोग्यावर लाल उमटलं की माल खोटा. तू हे पाहून पाहून शिकलास, आणि मग विकणारा समोर बसलेला असला की तू उपरण्याखाली माझ्या तळहातावर अंगठा घासायचास. सोड, रंग लायेल शे. एवढंच. विकणाऱ्याला वाटायचं आपण अजून भावावरच आहोत.

ही खूण लक्षात ठेव. मला ती पुढे लागणार आहे.

विहिरीत औषध पडलं ते पहिलं वर्ष तुला आठवतं ना. धुळ्याहून माणूस आला, बालदीत जांभळे खडे विरघळवले आणि चौकातल्या विहिरीत ओतले. बघता बघता पाणी लाल. बायका रिकाम्या घागरी घेऊन मागं फिरल्या. एक म्हातारी कठड्याला धरून ओरडत होती, "विहीरमा रगत उनं वं माय." त्या दिवशी सगळं गाव नदीच्या वाळूत झिरे खणायला धावलं. झिऱ्याचं पाणी काचेसारखं नितळ होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला पटकीच्या रोग्यांचे कपडे धुतले जात होते. नितळ पाणी पिऊन माणसं मेली. लाल पाणी कुणी शिवलं नाही.

तुला रक्ताची भीती नव्हती. तुझी अडचण वेगळी होती. तुझ्या घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नव्हतं, आणि गाळल्यावर फडक्यात जे अडकलं, ते डोळ्यांना दिसो न दिसो, फडकं उलटं करून परत त्याच विहिरीत अलगद सोडायचं, हा तुमचा नेम. जिवाणी म्हणायचास तू त्याला. ते जीव मरू नयेत म्हणून तुझी बायको, आमच्या भाभी, रोज घागरीबरोबर ते फडकं घेऊन विहिरीवर यायच्या. आणि आता सरकार त्या विहिरीत जीव मारायचं औषध ओतत होतं.

"पानीमा जीव शेतस, धना. त्यासले मारीसन मी पानी पिऊ?"

"त्या जीव तुले मारी टाकतीन, तवय काय करशी?"

"तवय तू बठ मन्हा भाव काढत."

दोन वर्षं हा वाद चालला. दुकानाच्या पायरीवर, पथारीवर मिरची उलटवणाऱ्या बायकांसमोर, एकदा तर प्रकाशा या तीर्थाच्या गावी घाटावर, तू एका लग्नाला आला होतास आणि मी मालाच्या गाडीबरोबर. मी तुला मूर्ख म्हणालो, ढोंगी म्हणालो, मुंग्यांना साखर घालून गिऱ्हाइकाला उपाशी मारणारा म्हणालो. तू ऐकून घ्यायचास आणि शेवटी विचारायचास, "झायं का?" मग मी आणखी चिडायचो.

शेवटी तू कबूल झालास ते घासाघीस करूनच. तुझी अट अशी, की औषध पडायच्या आधी आपण दुपारभर विहिरीचं पाणी शेंदायचं, गाळायचं आणि जिवाणी नदीच्या डोहात नेऊन सोडायची. जेवढे वाचतील तेवढे वाचतील. तुझ्या आईनं ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात सोडायचे असतात, दुसरीकडे नेणं हेही पाप. तू म्हणालास, हे पाप लहान आहे, माझ्या नावावर राहू दे.

मी रहाट ओढत होतो आणि तू गाळत होतास. मग तांब्याचा हंडा दोघांनी धरून भर उन्हात नदीवर गेलो. वाटेत बाजाराला आलेली तोरणमाळकडची पावरा आदिवासी माणसं सावलीला बसली होती. दोन शेठ लोक एवढा जड हंडा घेऊन कुठं निघाले म्हणून ती मागं मागं आली. तू पाण्यात गुडघाभर शिरलास आणि हंडा इतका हळू तिरपा केलास, जणू तुझं तान्हं लेकरू आंघोळीला सोडतो आहेस. डोहात काहीच दिसलं नाही. पाण्यात पाणी मिसळलं, बस. ती माणसं एकमेकांकडे बघून हसली. मी म्हणालो, "कितला वाचनात रे?"

"मोजू नको. हाऊ माल मोजीसन इकाना नही."

परतताना माझे हात भरून आले होते आणि मी तुला शिव्या देत होतो. पण त्या दिवसाइतका मी तुझ्याबरोबर पुढे कधी हसलो नाही.

दुसऱ्या सकाळी विहीर लाल होती. कठड्याच्या मोठ्या दगडावर तू उभा राहिलास. सगळं गाव पाहत होतं. जो केसरमल किडा चुकवून पाऊल टाकतो तो हे पितो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. तू फडक्यातून गाळलेलं लाल पाणी पेल्यात घेतलंस आणि पिऊन टाकलंस. कुणीतरी मागून विचारलं, "गोड शे का शेट?"

"धनाना भावसारखं शे. पहिले कडू, मंग बरं."

गाव हसलं आणि गावानं घागरी पुढे केल्या. हे सरकारी माणसाला जमलं नव्हतं, चेअरमनला जमलं नव्हतं. तुला जमलं. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी आपल्या चौकात पटकी आली नाही. मी तुला औषध प्यायला पटवलं ते मी परत घेत नाही, केसर. ते औषध खरं होतं, आणि खरं होतं तोवर त्यानं माणसं राखली. माझं भांडण त्याच्याशी नाही.

त्या वर्षांत गावाला एक गोष्ट पाठ झाली. लाल म्हणजे चांगलं. लहान पोरंही घागरीत डोकावून सांगायची, "लाल शे, पी."

यंदा होळी झाली आणि पटकी आली. प्रकाशाहून परतलेल्या गाड्यांबरोबर आली म्हणतात. दवंडी झाली, विहिरीत औषध पडलं आहे, पाणी बिनघोर प्यावं, उकळत बसायची गरज नाही. आणि विहीर खरोखर लाल झाली. आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त लाल. खऱ्या औषधाचा रंग संध्याकाळी पडला तर दुसऱ्या दुपारपर्यंत फिकट तपकिरी होऊन विरायचा, हे आपण दोघांनीही पाहिलं होतं. यंदाचा लाल दुपारी तसाच. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशीही. आणि लोक खूश. बायका पाणवठ्यावर म्हणत होत्या, यंदा औषध जोरकस आलं, उतरतच नाही. जो रंग उतरत नाही तो चांगला, असं लुगड्याच्या बाबतीत शिकलेलं गाव आपलं. तेच पाण्याला लावलं.

तू गेलास त्या सकाळचं भाभींनी मला नंतर सांगितलं. पाणी गाळून झालं, जिवाणी सोडायला त्या निघाल्या आणि तू फडकं हातातून मागून घेतलंस. उजेडाकडे धरलंस. दर वर्षी त्यावर तपकिरी डाग पडायचे, यंदा ते गुलाबी झालं होतं. तू अंगठा ओला करून त्यावर घासलास, अंगठ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "धनाकडे जास." चप्पल घातलीस. ओटा उतरलास आणि तिथंच पोट धरून बसलास.

मला निरोप आला तेव्हा मी पथारीवर होतो, तिखट हातांनी तसाच पळत आलो. पटकी मी आधी पाहिली होती, पण तू त्यात कसा दिसशील ते पाहिलं नव्हतं. दुपार व्हायच्या आत तुझे डोळे खोल गेले, बोटांची कातडी धोब्याच्या हातांसारखी सुरकुतली. तुझा आवाज गेला. ओठ हलत होते, पण नुसती हवा यायची. वैद्य कोपऱ्यात उभा होता आणि पुढे येत नव्हता. मी त्याच्यावर ओरडलो. तू डोळ्यांनी मला खुणावलंस, ओरडू नको. तेवढ्यातही.

मग तू गोधडीखालून हात पुढे केलास. मी धरला. थंड होता, दगडासारखा. मला वाटलं तू नुसता हात धरतो आहेस. पण तुझा अंगठा हलायला लागला. माझ्या तळहातावर, सावकाश, घासून. थांबून परत. मला वाटलं वात झाला आहे, बाजाराची बोटं आपोआप चालली आहेत. मी म्हणालो, "हो केसर, हो, सोडू. माल सोडू." तू मान हलवलीस. नाही. परत घासलंस. माझ्याकडे असा बघत होतास जसा मी भाव चुकल्यावर बघायचास. आणि मग तुझा अंगठा थांबला.

मला तेव्हा कळलं नाही. तू माझ्याशी शेवटचा सौदा बोलत होतास आणि समोर विकणारा कुणी नव्हता, म्हणून मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाभी ओट्याच्या कोपऱ्यात बसल्या होत्या आणि खुंटीवर ते फडकं वाळत होतं. गुलाबी. मी त्याकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. मग उठलो, अंगठा जिभेला लावला, फडक्यावर घासला आणि धोतराच्या सोग्याला पुसला. लाल उमटलं. केसर, माझ्या घरी त्याच विहिरीचं पाणी भरलं होतं, सकाळीच भरलं होतं.

पळत घरी गेलो आणि माठ, घागर, हंडा सगळं उकिरड्यावर ओतलं. माझी यमू बाळंतपणाला माहेरी आली आहे, तुला ठाऊक आहे, तूच तिच्यासाठी डिंक पाठवला होतास. ती दारात उभी राहून बघत होती. "आबा, काय करी ऱ्हायनात?" ती सकाळपासून किती पाणी प्याली ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

मग मी चेअरमनच्या जिनावर, कापसातून सरकी काढायच्या त्याच्या कारखान्यावर गेलो. का गेलो ते सांगतो. दलाल माणूस आहे, एका ठिकाणी माल खोटा निघाला की खरा कुठं गेला ते शोधायची सवय आहे. जिनाच्या आवारात त्याची स्वतःची विहीर आहे. तिथल्या मजुरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे औषध पडलं का? पडलं ना, म्हणाले. संध्याकाळी लाल, दुसऱ्या दुपारी नितळ, दर वर्षीसारखं. आणि तिथं एकालाही पटकी झालेली नव्हती.

विहिरीत औषध ओतणारा कमिटीचा मुकादम भिका मला रंगाऱ्याच्या बोळात सापडला. मला पाहून आधी पळायच्या बेतात होता, मग नुसता खाली बसला. मी त्याला हात लावला नाही. तो आपणच बोलला. "माले जे सांगं, ते मी कयं, भाऊ. रंग दख्यावर लोकेस्ले धीर येस, असं म्हनेत साहेब. मन्ही माय बी तेच पानी पेस." त्याच्या नखांत अजून लाल होतं. मी त्याला मारायला गेलो होतो, आणि तो माझ्याइतकाच भ्यालेला निघाला.

तिथून मी चेअरमनकडे गेलो. त्यानं नाकबूल केलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मला खुर्ची दिली.

"बसा, धनाशेठ. धुळ्याहून औषध आलं ते एका विहिरीपुरतं. जिनात एवढे मजूर आहेत. ते आजारी पडले तर जिन बंद, आणि जिन बंद पडलं तर गावानं खायचं काय? दुसरं औषध येईपर्यंत लोकांनी झिऱ्याकडे धावू नये म्हणून रंग टाकायला सांगितला. रंगानं कुणी मरत नाही."

"रंगाखाली जे होतं त्यानं केसर मेला."

"पटकीनं मेला. घाबरलेला माणूस पटकीच्या आधी मरतो, शेठ. लोकांना धीर द्यावा लागतो. धीर हेही औषधच आहे."

"मग तो धीर तुम्ही तुमच्या विहिरीत का नाही टाकला?"

त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. मग अगदी हळू, जणू माझ्याच भल्याचं सांगतो आहे अशा आवाजात म्हणाला, "गावाला सांगायचं तर सांगा. मी अडवत नाही. पण खरं औषध आता येईल, आणि लोक त्यालाही रंगच म्हणतील. केसरमलनं स्वतः पिऊन लोकांना लाल पाण्यावर आणलं, ते तुम्ही एका दिवसात मोडाल. लोक परत झिऱ्यावर जातील. मग जे मरतील ते कुणी मारले म्हणायचे?"

म्हणून मी तुझ्या उठावण्याला गप्प होतो. आयुष्यभर मी घासाघीस केली, केसर, पण असा भाव मला कुणी सांगितला नव्हता. बोललो तर तू उभा केलेला विश्वास जातो. नाही बोललो तर पुढच्या वेळी परत रंग पडतो. तुझ्या घरात, तुझ्या ओसरीवर मी बसलो तो त्यानं तुझ्याच नावानं बांधलेलं तोंड घेऊन.

त्या दिवसापासून घरात पाणी मी उकळतो. मी, दुसरं कुणी नाही. मिरचीची देठं आणि तुरीच्या काटक्या जाळतो, घरभर ठसका भरतो, सगळे खोकतात आणि मी चुलीपाशी बसून राहतो. उकळी आली तरी उठत नाही. मग ती खरंच उकळी होती का नुसते बुडबुडे, अशी शंका येते, परत पेटवतो. बायको म्हणते वेड लागलं. लागलं असेल. यमू पाणी प्यायच्या आधी दर वेळी माझ्याकडे बघते आणि विचारते, "आबा, हाई पानी पिऊ ना?" ज्या पोरीनं मला कधी कशाला विचारलं नाही ती पाण्याचा पेला धरून विचारते. मी पी म्हणतो, आणि ती पीत असताना तिचा गळा हलताना बघतो. ती आडवी झाली की तिच्या श्वासाकडे कान. तिच्या पोटात जरा कळ आली तरी मला विहीर दिसते.

आणि विहीर अजून लालच आहे. उन्हाळ्यात गावात दुसरी पुरती भरलेली विहीर नाही, हे तुला सांगायला नको. गावाबाहेरच्या वस्तीला या विहिरीवर आपण येऊ देत नाही. त्यांच्या डबक्यात तर औषधही पडलं नाही आणि रंगही पडला नाही. त्यांना धीर द्यावा असं कुणाला वाटलं नाही. हे तू एकदा मला बोलला होतास, की जीव सोडायला आपण नदीपर्यंत जातो आणि माणसाला कठड्यापर्यंत येऊ देत नाही. मी तेव्हा म्हणालो होतो, एका वेळी एक भांडण कर. ते भांडण तसंच राहिलं. तू असतास तर करत बसलो असतो.

कालपासून नवी दवंडी आहे. धुळ्याहून भरपूर औषध आलं, येत्या बाजाराच्या दिवशी विहिरीत पडणार, लोकांनी निर्धास्त राहावं. तेच शब्द, तोच ढोल. बायका खूश आहेत. मी माझ्या ओट्यावर उभा राहून जवळ येणारा ढोल ऐकत होतो. हे औषध खरं असेल तर मी गावाला त्यापासून तोडणारा कोण? आणि खोटं असेल तर?

मग तुझा अंगठा आठवला. किती दिवस तो मला मरणाऱ्या माणसाची खूण वाटत होता. ती आपली मिरचीची खूण होती. तू मला माल सोड म्हणत नव्हतास. तू म्हणत होतास, घासून बघ. आपण खोटी मिरची सापडली म्हणून मिरचीचा धंदा कधी सोडला नाही. आपण अंगठा ओला केला.

म्हणून मी हे छापायला देतो आहे. गावानं लाल रंगावर भरवसा ठेवू नये, लाल उतरण्यावर ठेवावा. विरून तपकिरी झालं तर औषध. दुसऱ्या दिवशीची दुपार उलटूनही लाल हटलं नाही, आणि पांढऱ्या फडक्यावरून ओल्या अंगठ्यावर उतरलं, तर रंग. हे कळायला कुणी शिकलेलं असावं लागत नाही. एवढ्यानं पुरेल का, मला माहीत नाही. मी पाण्याचा माणूस नाही, मिरचीचा आहे, आणि भीती माझी गेलेली नाही.

भाभींनी ते फडकं मला दिलं आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी ते घेऊन मी विहिरीवर येईन.

चेअरमनसाहेब, आता तुमच्याशी बोलतो. मी केसरशी बोललो ते तुम्हीही वाचत असाल हे मला ठाऊक आहे. ज्या दगडावर उभा राहून तो लाल पाणी प्याला, त्या दगडावर तुम्ही उभे राहा. नातवंडांना बरोबर आणा. आलेलं औषध गावासमोर उघडा, आपल्या हातानं ओता, आणि पहिला पेला तुम्ही प्या. मग सांगा, होळीनंतर आलेलं औषध कुणाच्या विहिरीत पडलं आणि चौकात काय पडलं. भिकाला पुढे करू नका, तो तुमचा हात होता, तोंड नव्हे. धीराचं तुम्ही मला जे सांगितलंत ते भाभींना सांगा, पायरी चढून, त्यांच्या समोर बसून. आणि मी विचारलं होतं की तो धीर तुमच्या विहिरीत का नाही टाकला. तुम्ही काठी या हातातून त्या हातात घेतली होती. ते उत्तर नव्हतं.

यमू पेला धरून उभी आहे आणि माझ्याकडे बघते आहे. तिला काय सांगू, ते तुम्ही सांगा.